पश्चिमेची गॅलरी, सातवा मजला, सहा टांगत्या कुंड्या: झाडं कोणती लावू?

पश्चिमगॅलरी_ठाणे

नमस्कार मंडळी. घराबाहेर सहा टांगत्या कुंड्या लावायच्या आहेत. जागा दोन आहेत, दोन्हींचं मोजमाप देतो.

१. हॉलची गॅलरी. तोंड पश्चिमेला, १२ फूट लांब, ४ फूट रुंद, वर वरच्या मजल्याचा स्लॅब. दुपारी दीडपर्यंत ऊन नाही, त्यानंतर मावळेपर्यंत थेट. समोर इमारत नाही, त्यामुळे वारा भन्नाट आणि पावसाळ्यात झड दारापर्यंत येते.

२. स्वयंपाकघराची ड्राय बाल्कनी. उत्तरेला, अरुंद, वॉशिंग मशीन तिथेच. उजेड चांगला, ऊन जवळजवळ नाही.

व्हिडिओत दिसतात तशा फुलांनी ओसंडणाऱ्या बास्केट गॅलरीत हव्यात, शक्यतो बारा महिने. नर्सरीत विचारलं तर प्रत्येक झाडाला उत्तर एकच: "ऊन-सावली दोन्ही चालतं." पेटुनिया, दहाचं फूल, फ्यूशिया आणि मोत्यांच्या माळेसारखी ती स्ट्रिंग ऑफ पर्ल्स, एवढी नावं डोक्यात आहेत.

आकार किती घ्यावा? काथ्याची बास्केट की प्लॅस्टिकची? माती कोणती? सहाव्या मजल्यावरच्या वहिनींच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर पाणी गेलेलं चालणार नाही. मे महिन्यात आणि गणपतीत दहा-दहा दिवस घर बंद असतं.

---

मातीकाम

मोजमाप दिलंत हे बरं केलंत, उत्तर नेमकं देता येतं.

बारा महिने फुलणारं एकच झाड शोधू नका. त्या व्हिडिओतल्या बास्केट बहुतेक विलायतेतल्या उन्हाळ्याच्या असतात आणि तिथला उन्हाळा म्हणजे आपला डिसेंबर-जानेवारी. फ्यूशिया तर पूर्ण बाद. उटी-कोडाईकनालला ती मजेत असते, ठाण्याच्या एप्रिलमध्ये उकडून मरते. आपल्याकडे हूक कायमचा आणि झाड पाळीचं, असा हिशेब ठेवावा. गॅलरीत वर्षाला दोन पाळ्या, उत्तरेला कायमची पानांची झाडं.

आता पश्चिमेचं ऊन. तासात मोजलं तर साडेचार-पाच तास, म्हणजे पुरेसं वाटतं. पण सकाळच्या उन्हात आणि या उन्हात फरक आहे. दीड वाजेपर्यंत भिंत, लादी, ग्रिल सगळं तापलेलं असतं आणि त्यावर थेट ऊन येतं. कुंडी बाजूने भाजते, तळाशी हवा लागून सुकते.

दहाच्या फुलाची गोची इथेच होते. त्याच्या कळ्या सकाळच्या उन्हावर उमलतात आणि दुपार कलली की फूल मिटतं. तुमच्याकडे ऊन येतं तेव्हा त्याची सुट्टी व्हायची वेळ झालेली असते. झाड वाढेल, दांडे लांबतील, कळ्याही दिसतील, पण धड उमलणार नाहीत. मग माणूस खत वाढवतो आणि पानंच पानं येतात. पूर्वेची किंवा दक्षिणेची गॅलरी असती तर मीच ते पहिलं सुचवलं असतं. इवॉल्व्ह्युलस म्हणजे आपल्या विष्णुक्रांताची मोठ्या निळ्या फुलांची बहीण, तिचीही तीच तऱ्हा. सकाळी निळी, दुपारी मिटलेली.

पश्चिमेला चालणारी:

लोंबती सदाफुली. साध्या सदाफुलीचं फूल एकदा उमललं की दिवसभर उघडं राहतं, तसंच हिचं. फांद्या मात्र उभ्या न वाढता कडेवरून खाली येतात. घेताना फांद्या खरंच आडव्या जाताहेत का ते पाहा, नाहीतर साधीच गळ्यात मारतात. १२ इंची बास्केटमध्ये ३ रोपं.

जांभळी लोंबती घाणेरी. रानातल्या घाणेरीसारखी उभी काटेरी वाढत नाही, फांद्या बारीक आणि लवचिक. १२ इंचीत २ रोपं पुरतात. एक बहर ओसरला की फांद्या तिसरा हिस्सा छाटा, महिन्याभरात दुसरा येतो. छाटली नाही तर टोकाला चार फुलं आणि मधे काड्या. हिची पानंफळं तोंडात जाऊ देऊ नयेत, लहान मूल किंवा जनावर घरात असेल तर उंच ठेवा.

रसेलिया. गवतासारखे हिरवे दांडे, त्यांना लाल नळीसारखी फुलं. वाऱ्यात पानं फाटण्याचा प्रश्न नाही कारण पानं जवळजवळ नसतातच. तुमच्या वाऱ्याच्या गॅलरीला हे फार योग्य. एका बास्केटला एकच रोप.

पेटुनिया हिवाळ्यात. दिवाळीच्या सुमाराला नर्सरीत काळ्या पिशवीतली रोपं येतात तेव्हा घ्या. फुलांनी लगडलेलं घेऊ नका, बुटकं, चार-पाच फांद्यांचं, फूल नसलेलं किंवा एखादंच असलेलं घ्या. १२ इंचीत ४ रोपं: तीन कडेला थोडी बाहेर कलती, एक मधे. लावल्यावर शेंडे खुडायचे. दोन आठवडे फुलं पुढे जातात, पण फांद्या दुप्पट होतात. बियांपासून करायचं असेल तर सप्टेंबरअखेर ते ऑक्टोबर. बी धुळीइतकं बारीक असतं आणि उगवायला उजेड लागतो. वरून माती टाकली तर उगवत नाही, बहुतेकांची चूक तीच. बहर डिसेंबर ते मार्च. एप्रिलमध्ये पानं चिकट-पिवळी होऊ लागली की टाकून द्यायची, वाचवत बसू नये.

उत्तरेच्या बाल्कनीबद्दल एक सावधगिरी. उत्तर म्हणजे वर्षभर सावली, हे आपल्या अक्षांशावर खरं नाही. ठाण्याला मेच्या मध्याला शून्य सावलीचा दिवस येतो, म्हणजे भर दुपारी सूर्य बरोबर डोक्यावर, आणि तिथपासून जुलैअखेरपर्यंत भर दुपारीसुद्धा सूर्य जरासा उत्तरेला असतो. एप्रिल-मेमध्ये सकाळी आणि संध्याकाळी तिरकं ऊन तिथे शिरतं. अकरा महिने सुखाने राहिलेल्या नेच्याची पानं मेमध्ये एकाच कडेने करपली तर तो रोग नाही, ते हे ऊन. जूनमध्ये ढग येईपर्यंत बास्केट फूटभर आत सरकवा.

तिथे लावा: स्पायडर प्लांट, मनी प्लांट, बोस्टन फर्न, झेब्रिना. स्पायडर प्लांट सफेद मुसळीच्या भावकीतला. मुसळीच्या एका जातीच्या शास्त्रीय नावात तर चक्क बोरिवली आहे. त्याची मुळं जाड, पाणी साठवणारी, त्यामुळे एखादं पाणी चुकलं तरी तो रागावत नाही. पानांची टोकं तपकिरी पडतात ती बहुधा खताच्या किंवा पाण्यातल्या क्षारांनी. मनी प्लांटचा रस तोंडाला खाजतो, मांजर असेल तर वेली तिच्या उडीच्या वर ठेवा.

झेब्रिना आणि टर्टल वाईन यांना डोक्यावर टक्कल पडतं. सगळी वाढ कडेवरून खाली, मधे उघडी माती आणि सुके दांडे. उपाय सोपा: लोंबत्या फांद्यांचे ४ इंची शेंडे कापा, खालची दोन पानं काढा, त्याच बास्केटमध्ये मधोमध एक पेर मातीत जाईल असे ८-१० खोचा. आठ-दहा दिवसांत मुळं धरतात. हे वर्षातून दोनदा करायचंच, म्हणून कापलेलं फेकू नका.

आकार: गॅलरीत १२ इंची तीन, उत्तरेला १० इंची तीन. ८ इंचीच्या मोहात पडू नका, मेमध्ये तिला दिवसातून दोनदा पाणी लागतं.

मिश्रण सहा बास्केटना मिळून साधारण ४० लिटर: कोकोपीट १६, गांडूळखत १०, परलाइट (पांढरे, हलके, सच्छिद्र दाणे) ८, भाताचं तूस ६. लिटर म्हणजे चक्क दुधाच्या मापाने मोजा. ६५० ग्रॅमच्या दोन विटा भिजवल्या की एवढं कोकोपीट होतं. ते दोनदा पाण्यात खळबळून पिळा, क्षार निघून जाऊ देत. प्रत्येक बास्केटला निंबोळी पेंड दोन टेबलचमचे. काळी माती टांगत्या कुंडीत अजिबात नको. ओली झाली की जड, सुकली की आक्रसून कडेला फट आणि पाणी त्या फटीतून सरळ खाली.

खत: १९:१९:१९ (नत्र, स्फुरद, पालाश सारखं) विद्राव्य, लिटरला १ ग्रॅम, फुलझाडांना दहा दिवसांनी, पानांच्या झाडांना महिन्याने. आधी साधं पाणी, मग खताचं. सुक्या मुळांवर खत ओतलं की शेंडे जळतात.

---

ठोकाठोकी

झाडं मातीकामांनी सांगितली, मी हुकाचं सांगतो. दुर्घटना तिथे होतात.

वजन आधी काढा. वरचं मिश्रण असेल तर १२ इंची बास्केट भिजून साडेसहा-सात किलो. बागेची माती भरली तर तीच १३-१४ किलो. वाऱ्यात हेलकावा आला की झटका त्याहून जास्त, म्हणून हूक किमान तिप्पट वजन पेलणारा घ्या.

स्लॅबमध्ये हूक असलेला ८ मिमीचा अँकर (भोकात फुगून घट्ट बसणारा बोल्ट), त्याला ८ चाच बिट. भोक प्लॅस्टरच्या पुढे काँक्रीटमध्ये किमान ४० मिमी गेलं पाहिजे. छताचं प्लॅस्टर १०-१२ मिमी धरा, ते वजन पेलत नाही, त्यामुळे एकूण ५० ते ५५ मिमी. बिटला तेवढ्यावर चिकटपट्टी गुंडाळून खूण करा. स्लॅबच्या कडेपासून १०० मिमी आत. जागा ठरवण्याआधी हातोडीच्या दांड्याने ठोकून पाहा, आवाज पोकळ आला किंवा गंजाचे डाग दिसले तर तिथे भोक नाही. लाकडी खुंटी आणि स्क्रू छताला चालत नाही, खुंटी सुकते आणि सगळं अलगद खाली येतं.

बास्केटबरोबर मिळणारा प्लॅस्टिकचा हूक पहिल्याच दिवशी टाकून द्या. उन्हाने तो पांढुरका होतो, नखाने खडूसारखी भुकटी निघते, आणि मग एके दिवशी तुटतो. त्याजागी साखळी आणि एस-हूक, दोन्ही स्टेनलेस. एस-हूकचं वरचं तोंड पक्कडीने दाबून बंद करा, नाहीतर सोसाट्यात उसळून निघतो.

रेलिंगच्या बाहेरच्या बाजूला काहीही टांगायचं नाही. सातव्या मजल्यावरून सहा किलो खाली माणसावर पडेल, विषय संपला.

दोन रांगा करा. तीन हूक रेलिंगपासून फूटभर आत, तीन भिंतीपासून फूटभर पुढे. ऑक्टोबर ते मे बाहेरची रांग, पावसाळ्यात आतली. सहा भोकांना एकदाच मशीन लावायचं, तेव्हाच सगळी पाडून घ्या. उंची: बास्केटचा तळ जमिनीपासून साडेपाच फूट, जाण्यायेण्याच्या वाटेत असेल तर साडेसहा.

वाऱ्यासाठी फिरता हूक लावू नका, बास्केट भिंगरीसारखी फिरून वेली साखळीला पीळ घालतात. तळाच्या जाळीतून नायलॉनची दोरी ओवून ग्रिलला सैलसर ताण द्या.

---

पागोळी

रत्नागिरीहून. पावसाचं मी लिहिते, ठाण्याची पश्चिम बाजू आणि आमची बाजू एकाच वाऱ्याची.

वरची यादी मेपर्यंत ठीक. जूनच्या दुसऱ्या आठवड्यापासून तीच सदाफुली तुम्हाला रडवेल. मुळात पाणी साचलं की तिला बुरशी धरते: एखादी फांदी भर पावसात पाणी कमी पडल्यासारखी मान टाकते, बुंध्याशी काळपट डाग दिसतो, आणि लोक आणखी पाणी घालतात. पान सुकलंय पण माती ओली आहे, असं दिसलं की समजा मूळ कुजलं. ती फांदी खालपर्यंत कापा, पाणी बंद. डाग बुंध्यापर्यंत पोचला असेल तर झाड मिश्रणासकट काढून टाका, त्याच मिश्रणात पुन्हा सदाफुली लावू नका.

पावसाळी पाळी वेगळीच ठेवा. टोरेनिया मेमध्ये पेरा किंवा जूनमध्ये रोपं आणा, १२ इंचीत ५. दमट हवा तिला मानवते आणि गणपतीपर्यंत निळी-जांभळी फुलं असतात. आतल्या रांगेत, झडीच्या थेट माऱ्याबाहेर. बारीक पानांचे बेगोनियाही चालतात, पण पानांवर रात्रभर पाणी राहिलं की ठिपके येतात.

कोकोपीटच्या प्रमाणावर माझी हरकत आहे. पावसाळ्यात ४० टक्के कोकोपीट म्हणजे ओला टॉवेल. गॅलरीतल्या बास्केटना पावसाळी पाळी लावताना निम्मं कोकोपीट काढा आणि त्याजागी नारळाच्या सोडणाचे बोटाच्या पेराएवढे तुकडे घाला. तुकडे तीन दिवस पाण्यात ठेवायचे, रोज पाणी बदलायचं. पहिल्या दिवशी पाणी कोऱ्या चहासारखं होतं, तिसऱ्या दिवशी फिकट. तेव्हा वापरायचे.

बास्केटला खाली चिकटवलेली ताटली पावसाळ्यात काढून ठेवा. तिच्यात पाणी राहतं, मुळं बुडतात आणि डेंग्यूच्या डासांची सोय होते. अंड्यापासून डास व्हायला आठवडा-दहा दिवस पुरतात. पालिकेचे लोक तपासणीला आले की सगळ्यात आधी ताटल्याच बघतात.

बोस्टन फर्न मात्र पावसाळ्यात आमच्या चिऱ्याच्या गडग्यांवरच्या नेच्यांसारखी फोफावते. तिची जुनी पानं जूनच्या सुरुवातीला बुडापासून कापून टाका, दया दाखवू नका. पंधरा दिवसांत बोटाएवढ्या गुंडाळ्या वर येतात.

---

पश्चिमगॅलरी_ठाणे

फारच उपयोगी, मंडळी. दहाचं फूल यादीतून काढलं, दोन रांगा मान्य.

राहिलेले प्रश्न: तळाशी खडीचा थर घालायचा ना? स्ट्रिंग ऑफ पर्ल्सबद्दल कोणी बोललं नाही. काथ्याची बास्केट दिसायला छान, तिचं काय? आणि कपड्यांवर पाणी?

---

वऱ्हाडी_झळा

अकोल्याहून. मे महिन्यात आमच्याकडे पारा पंचेचाळीसला टेकतो, त्यामुळे सुकण्यातले सगळे प्रकार इथे बघायला मिळतात.

काथ्याची बास्केट चारही बाजूंनी श्वास घेते, म्हणजे चारही बाजूंनी सुकते. वाऱ्याच्या पश्चिम गॅलरीत तर सकाळचं पाणी दुपारी गायब. घ्यायचीच असेल तर आतून जाड प्लॅस्टिकचं अस्तर लावा, खतांच्या रिकाम्या गोणीच्या आतली पिशवी चालते. तळाच्या वर दोन बोटांवर बोटाएवढी सहा भोकं. बाहेरून काथ्या, आतून प्लॅस्टिक. पक्षी काथ्या उपसून घरट्याला नेतात, त्याला इलाज नाही. पागोळीताईंच्या पावसात काथ्या चांगली असेलही, उन्हाळ्यात नाही. मी तरी पांढरी किंवा फिकट प्लॅस्टिकची सांगेन. काळी उन्हात हाताला चटका देते, मग कडेची मुळं काय करणार?

पाणी अंदाजाने घालू नका. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुकवाला काटा असतो ना, तो आणा. भरपूर पाणी घालून निथळल्यावर बास्केट तोला. समजा ६.४ किलो. मग रोज संध्याकाळी तोला आणि पानं जराशी मलूल दिसली तेव्हाचा आकडा लिहा, समजा ४.६. आता ५ वर आली की पाणी, हा नियम. फरक सव्वा-दीड किलो, म्हणजे पाणीही तेवढेच लिटर. चार दिवसांत हाताला वजन कळायला लागतं आणि काटा परत बॅगांकडे जातो.

एकदा मिश्रण पार सुकलं तर ते कडेपासून सुटतं. वरून पाणी घातलं की लगेच खालून येतं आणि वाटतं झालं, पण मधला गड्डा कोरडाच. बास्केट उतरवा, बादलीत कडेपर्यंत बुडवा, बुडबुडे थांबेपर्यंत वीस-पंचवीस मिनिटं ठेवा.

एसीचं निथळलेलं पाणी झाडांना चालतं, त्यात क्षार नसतात. कूलरच्या टाकीचं उरलेलं नको, बाष्प उडून त्यात क्षार दाटलेले असतात.

लाल कोळी, म्हणजे पानांचा रस शोषणारी बारीक कीड, मार्चपासून बघत राहा. पान वरून फिकट ठिपक्यांचं, खालून बारीक जाळं. पांढऱ्या कागदावर फांदी झटका, तिळाहून बारीक ठिपके चालताना दिसले की तोच. पानांच्या खालच्या बाजूला पाण्याचा जोराचा फवारा, मग कडुनिंबाचं तेल ५ मिली आणि भांडी घासायच्या द्रवाचे २ मिली एक लिटर पाण्यात, ऊन उतरल्यावर, आठवड्यातून एकदा असं तीन वेळा. दुपारी मारलं तर कोळी राहतो, पान जळतं.

---

मातीकाम

पागोळीताईंची कोकोपीटवरची हरकत मान्य. पावसाळी पाळीला त्यांचंच प्रमाण धरा.

खडीचा थर नको. पाणी बारीक मिश्रणातून खडीत आपणहून उतरत नाही, वरचं मिश्रण तुडुंब झाल्यावरच उतरतं. म्हणजे खडीने निचरा वाढत नाही, ओला थर उलट मुळांच्या जवळ वर सरकतो आणि एक किलो वजन वाढतं. भोकावर मच्छरजाळीचा तुकडा ठेवा, बस.

स्ट्रिंग ऑफ पर्ल्स मुंबई-ठाण्याच्या दमट हवेत पावसाळा काढत नाही, निदान गॅलरीत तरी. मणी आधी काचेसारखे पारदर्शक होतात, मग पाणी सुटतं. तोच आकार हवा असेल तर डिस्किडिया घ्या, बटणांच्या माळेसारखी पानं. मूळची झाडांच्या सालीवर वाढणारी, त्यामुळे दमटपणा तिला घरचा. तिला वरचं मिश्रण नको: सोडणाचे तुकडे तीन भाग, कोकोपीट एक भाग, ६ इंची उथळ बास्केट, उत्तरेची बाल्कनी. पानं किंचित सुरकुतली की पाणी.

शतावरी फर्न कोणी सुचवेल म्हणून आधीच लिहितो. ती नेचा नाही, शतावरीचीच नातलग, पश्चिमेच्या उन्हातही राहते. पण दीड-दोन वर्षांत मातीखाली पांढऱ्या गाठी इतक्या होतात की मिश्रण कडेच्या वर उचललं जातं आणि पाणी आत शिरायच्या ऐवजी बाहेर वाहतं. तेव्हा करवतीच्या सुरीने गड्ड्याचे चार तुकडे करून एकच परत लावायचा. बारीक काटे असतात, हातमोजे घाला.

सहा जागांची वाटणी मग अशी. गॅलरीत मधे रसेलिया कायमची, पावसाळ्यातही. तिच्या दोन्ही बाजूंना पाळीची झाडं: नोव्हेंबर ते मार्च पेटुनिया, एप्रिल ते जूनचा पहिला आठवडा सदाफुली, त्यानंतर सप्टेंबरपर्यंत टोरेनिया. पावसाळी धरून या तीन पाळ्या जड वाटल्या तर त्या दोन ठिकाणी घाणेरी लावून मोकळे व्हा, पावसाळ्यात फुलं कमी पण झाड टिकतं. उत्तरेला स्पायडर, बोस्टन फर्न आणि डिस्किडिया किंवा मनी प्लांट. मशीनच्या डोक्यावर फर्न नको, सुकी पानं गळून ड्रमात जातात.

---

पागोळी

कपड्यांचं राहिलं. गॅलरीत टांगलेल्या जागी पाणी घालूच नका. नर्सरीच्या प्लॅस्टिक कुंडीत झाड लावा आणि ती कुंडी बास्केटमध्ये नुसती ठेवा. बाहेरची बास्केट एक इंच मोठी हवी. पाण्याच्या वेळी आतली कुंडी उचलून मोरीत न्यायची, पाणी घालायचं, वीस मिनिटं निथळवायची, परत ठेवायची. उचलणं जमत नसेल तर दोन हप्त्यांत घाला: अर्धा लिटर, दहा मिनिटं थांबा, मग उरलेलं. एकदम ओतलेलं पाणी खाली पोचतं, थांबून घातलेलं मिश्रणात मुरतं. तेही पहाटे, वहिनींचे कपडे दोरीवर यायच्या आत.

मेमधल्या दहा दिवसांसाठी सगळ्या कुंड्या उतरवून उत्तरेच्या बाल्कनीत, भिंतीच्या आतल्या बाजूला, एकमेकींना चिकटवून ठेवा. फुलं आणि कळ्या सगळ्या खुडा, फांद्या तिसरा हिस्सा कमी करा, झाडाची तहान तेवढी कमी. मधे झाकण लावलेली बादली, झाकणाला भोकं, प्रत्येक भोकातून नायलॉनची जाडसर नाडी: एक टोक बादलीच्या तळाशी, दुसरं कुंडीत तीन बोटं खोल. सुती नाडीही दहा दिवस काम देते, पुढे कुजते. बादलीतलं पाणी कुंडीतल्या मातीच्या पातळीहून दोन-तीन बोटं खालीच हवं. वर असेल तर नाडीतून पाणी आपोआप वाहत राहतं आणि दुसऱ्या दिवशी बादली रिकामी, बाल्कनी तुंबलेली. फार खालीही नको, वीतभराच्या पुढे नाडी पाणी चढवत नाही. नाडी आधी भिजवून लावा, कोरडी लावली तर सुरूच होत नाही. निघायच्या तीन दिवस आधी हे सगळं मांडा आणि रोज बादलीवर पेनने रेघ मारा. दिवसाला किती उतरतं ते कळलं की दहा दिवसांना बादली एक पुरेल की दोन लागतील ते दिसेल.

गणपतीत हे काही करू नका. नुसत्या आतल्या रांगेत टांगा आणि निघा.

---

पश्चिमगॅलरी_ठाणे

बादली एक की दोन ते रेघा मारून कळवतो. शनिवारी ड्रिलवाला येतोय, सहा भोकांना ५५ मिमीची खूण करून घेतो.

---

ठोकाठोकी

ड्रिलआधी वरच्या मजल्याच्या बाथरूमची किंवा सिंकची पाइप त्या स्लॅबमधून जात नाही ना, ते त्यांना विचारा. आणि गॅलरीतल्या छताच्या दिव्याची वायर बहुधा दिव्यापासून खोलीच्या भिंतीकडे सरळ जाते, त्या रेषेच्या दोन्ही बाजूंना ६ इंच सोडा.